तबलजी किती मीटरवर बसवायचा?

गाण्याला पूर्वी तानपुरा, तबला आणि पेटी लागायची. आता चार्जर लागतो. टॅब्लेटवर घरच्या घरी रेकॉर्डिंग करणं अगदी सोपं असतं, असं ज्यांनी ते कधी केलेलं नाही ते सांगतात. ज्यांनी केलंय ते काहीच सांगत नाहीत, कारण त्यांचं अजून संपलेलं नाही. ते अजून अ‍ॅप निवडताहेत.

या नादाला एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत आयपॅड विक्रीला आला आणि त्याच वर्षीच्या नाताळात गोरिलाझ या ब्रिटिश बँडने ‘द फॉल’ नावाचा अख्खा अल्बम बाहेर काढला. तो बहुतांशी आयपॅडवर केला होता, आणि तोही दौऱ्यावर असताना. टॅब्लेट घ्यायला निघालेला माणूस ही हकिकत घरच्यांना हमखास ऐकवतो. बँडचा सूत्रधार डेमन अल्बर्न त्याआधी वीसेक वर्षं हेच काम करून पोट भरत होता, हा तपशील सांगताना गळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याचं सगळं तयार होतं, एक आयपॅडच तेवढा अडला होता.

मार्च २०११ मध्ये अ‍ॅपलने आयपॅडसाठी गॅरेजबँड आणलं. किंमत ४.९९ डॉलर, एकदाच. पुढे ते फुकट झालं. त्याच कंपनीचं जाणत्यांसाठीचं लॉजिक प्रो मे २०२३ मध्ये आयपॅडवर उतरलं, तेव्हा किंमत पुन्हा ४.९९ डॉलरच. फक्त आकड्याच्या पुढे ‘दरमहा’ एवढा एक शब्द वाढला. बारा वर्षांत भाव एका सेंटनेही वाढवला नाही, असं म्हणायला कंपनी मोकळी. मधल्या काळात २०१२ मध्ये स्टाइनबर्गचं क्युबेसिस आलं, ऑरिया आलं. ऑरियात अठ्ठेचाळीस ट्रॅक. घरात माणसं चार, त्यांतलं गाणारं एक, आणि सोय अठ्ठेचाळिसांची! अँड्रॉइडवाल्यांना बँडलॅब आहे, एफएल स्टुडिओ मोबाईल आहे. थोडक्यात, गाणं सोडून सगळ्याची चंगळ आहे.

पण आपली अडचण ट्रॅकच्या संख्येची नाहीच. ज्या अ‍ॅपला रेकॉर्डिंग उत्तम येतं त्याला रूपक ताल येत नाही, आणि ज्याला रूपक तोंडपाठ असतो त्याचं रेकॉर्डिंगमध्ये फारसं लक्ष नसतं, ही आपली अडचण आहे. आयपॅडवरच्या गॅरेजबँडला तीनच मोजण्या ठाऊक आहेत: तीन, चार आणि सहा. तीनताल आणि भजनी ठेका चाराच्या हिशेबात बसतात, दादरा सहात बसतो. रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा आणि दीपचंदीच्या चौदा मात्रांनी जायचं कुठे? उलट आयतबलाप्रोसारखं खास रियाजासाठी केलेलं अ‍ॅप उघडा. ताल म्हणाल तो, पट्टी म्हणाल ती, तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला लावायची की मध्यमाला तेही तुमच्या मर्जीवर. म्हणजे साथीला एक अ‍ॅप, टिपून घ्यायला दुसरं, आणि या दोघांची ओळख करून द्यायला तिसरं. इथून जोडाजोडीला सुरुवात होते. ती सुरुवातीला नाइलाज म्हणून असते. छंद नंतर होतो.

आमच्या वहिनींना फक्त एक अभंग रेकॉर्ड करायचा होता. वहिनी सांगलीला असतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भजनी मंडळ हातात घेतलं आणि सगळं जग भजनी ठेक्यात म्हणणाऱ्या त्या बायकांना रूपक शिकवायचा पण केला. त्यासाठी नमुन्याचा एक अभंग ग्रुपवर टाकायचा, म्हणजे बायका घरी सराव करतील. आवाज त्यांचा मोकळा, पट्टी काळी चार. मिरज हाकेच्या अंतरावर. तिथून आणलेला खरा तानपुरा घरात गवसणी घालून उभा. आणि खरा तबलजीही घरातच, म्हणजे आमचा दादा.

मग अ‍ॅप कशाला? हा प्रश्न मी विचारला, पण दादासमोर नव्हे. दादाचा हात गोड आहे. फक्त लय ही त्याच्या मते सुरुवातीला सुचवायची गोष्ट असते, शेवटपर्यंत पाळायची नसते. दुसऱ्या अंतऱ्याला वहिनी श्वास घेतात तेवढ्यात हा पुढची सम गाठून तिथे त्यांची वाट बघत थांबलेला असतो. वर ‘तू मागे पडलीस’ हे ऐकवतो. अ‍ॅपमधला तबलजी काही ऐकवत नाही.

“भाऊजी, तुम्हाला यातलं कळतं. तासाभराचं काम आहे,” वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी टॅब्लेटवर तबला-तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं. रूपक सुरू झाला, तानपुरा झंकारू लागला. मग त्यांनी रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उघडून लाल टिंबावर बोट ठेवलं, आणि तानपुरा तबल्यासकट गप्प झाला. टॅब्लेटचा नियम असा, की ध्वनीची सत्ता एका वेळी एका अ‍ॅपकडे. दुसऱ्याचा आवाज चालू राहू द्यायचा की नाही हे प्रत्येक अ‍ॅप बनवणाऱ्याच्या दानतीवर असतं. काही अ‍ॅप शेजाऱ्याला बोलू देतात, काही आल्याआल्या सगळ्यांची तोंडं बंद करतात. वहिनींनी शेजाऱ्याला बोलू देणारं दुसरं अ‍ॅप शोधलं, कानाला इयरफोन लावले आणि डोळे मिटून अख्खा अभंग म्हटला. रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर त्यात वहिनी एकट्या. तबला नाही, तानपुरा नाही, अधूनमधून सात मात्रांची शांतता. कारण रेकॉर्डरचे कान माइकला, आणि साथ चाललेली वहिनींच्या कानात.

“बघ, साथीशिवाय गाणं कसं उघडं पडतं,” दादा गॅलरीतून म्हणाला. तो पेपर वाचत होता. निदान तसं दिसत होतं.

एका अ‍ॅपचा आवाज तारेबिरेशिवाय थेट दुसऱ्या अ‍ॅपमध्ये न्यायचा, ही गरज सांगलीत निर्माण झालेली नाही. आयपॅडवर गाणं करणारे लोक पहिल्यापासून याच पेचात होते. आधी ते मजकूर उचलून चिकटवावा तसा ध्वनी एका अ‍ॅपमधून उचलून दुसऱ्यात चिकटवत. मग २०१२ च्या डिसेंबरात ऑडिओबस आलं. डावीकडून आवाज चढतो, मधे त्याच्यावर काय संस्कार करायचे ते होतात, उजवीकडे तो उतरतो. ही बस सुरू केली ती अ‍ॅपलने नव्हे, बाहेरच्या लोकांनी, आणि लोकांनी तिच्यावर उड्या मारल्या. तेव्हा २०१३ मध्ये अ‍ॅपलने इंटर-अ‍ॅप ऑडिओ नावाचा आपला सरकारी रस्ता बांधला. २०१५ मध्ये आणखी एक, ऑडिओ युनिट. यात एक अ‍ॅप सरळ दुसऱ्याच्या आतच येऊन बसतं आणि तिथूनच काम करतं. ही सोय खरोखर उत्तम आहे. मग २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की इंटर-अ‍ॅप ऑडिओ आता कालबाह्य, नवीन काम या पद्धतीने करू नये. पण तो रस्ता त्या दिवशी उखडला नाही. मुंबईत ‘ही इमारत धोकादायक आहे’ अशी पालिकेची पाटी लागते, आणि पाटीच्याच खिळ्याला दोरी बांधून आतली बिऱ्हाडं कपडे वाळत घालत राहतात, तसा तो चालू राहिला. जुनी कितीतरी अ‍ॅप तिथेच राहतात. आमचा रूपकवाला तबलजी तिथलाच भाडेकरू निघाला.

या सगळ्यांना एका जागी आणण्यासाठी मी वहिनींना एयूएम दाखवलं. हे एक मिक्सर आहे. स्वीडनमधल्या कायमॅटिकाने २०१६ मध्ये आणलेलं. बसवाले, सरकारी रस्त्याने येणारे, आत बसणारे, सगळे त्याला चालतात. उघडलं की पडद्यावर जवळजवळ काहीच नसतं. एक अधिकचं चिन्ह असतं. ते दाबलं की आवाजाचा एक उभा रकाना तयार होतो. रकान्याच्या वरच्या टोकाला आवाज कुठून येतो ते सांगायचं, खालच्या टोकाला कुठे जातो ते. गाण्याच्या क्लासमधली हुशार मुलं हा रिकामा पडदा पाहून घाबरतात, कारण त्यावर पेटी काढलेली नसते, गिटार काढलेली नसते, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नसतात.

वहिनी मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला, एक पाठकोरा कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. “आवाज येतोय तो जमा, जातोय तो नावे. एवढंच ना? मग ताळा जुळलाच पाहिजे.” तबल्याचं अ‍ॅप जमा, मुख्य खात्याला नावे. माइक जमा, तोही मुख्य खात्याला नावे. मुख्य खात्यातून एक प्रत कानाला, एक फाईलला. पुतण्या इंजिनीअरिंगला आहे. दोन दिवस तो व्हिडिओ बघून जे समजून घेत होता ते त्याच्या आईने एका कागदावर बसवलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं त्याला अभिमान म्हणता येणार नाही.

मग त्याने ऐट दाखवायला म्हणून माइकचा आवाज टॅब्लेटच्या स्पीकरला जोडला. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये. अशी काही किंकाळी उठली, की खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले.

“हे तर काइट फ्लाइंग झालं!” वहिनी ओरडल्या. “या खात्यातला चेक त्या खात्यात, त्या खात्यातला पुन्हा या खात्यात, आत पैसा नाहीच, नुसता फुगवटा. आमच्या वेळी या कामाला सस्पेंड करत.” फीडबॅकची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात वाचलेली नाही. पुतण्याला दुपारपुरतं सस्पेंड करण्यात आलं.

यानंतर उशिराचा प्रश्न आला. इथे लोकांची गाणी आणि संसार दोन्ही अडकतात. टॅब्लेट आवाज सलग गिळत नाही. सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे करतो आणि ठरावीक तुकडे जमले की एक घास. या घासाला बफर म्हणतात आणि तो ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ अशा मापांत मिळतो. घास लहान ठेवला तर आवाज चटकन येतो, पण टॅब्लेटला दम लागतो आणि तो कडकड वाजायला लागतो. मोठा ठेवला तर टॅब्लेट आरामात, पण आवाज उशिरा. हे सगळं मिलिसेकंदांत सांगतात. मिलिसेकंद म्हणजे किती, ते गाणाऱ्याला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही.

मी वहिनींना हिशेब मीटरमध्ये करून दिला. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदाला चौतीस सेंटिमीटर. ६४ चा बफर म्हणजे तबलजी अर्ध्या मीटरवर, मांडीला मांडी लावून. २५६ म्हणजे पाच मिलिसेकंदांच्या किंचित वर, तबलजी पावणेदोन-दोन मीटरवर. साध्या बैठकीत तो बसतो तिथेच. १०२४ म्हणजे सात मीटर, तबलजी पार दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ. आवाज आत यायचा एक घास आणि बाहेर जायचा एक, म्हणजे प्रत्यक्षात अंतर दुप्पट आणि वर थोडी दस्तुरी. तरी एवढं माणसाला निभावतं.

“आणि हे?” वहिनींनी पुतण्याचे बिनतारी इयरबड पुढे केले.

ब्लूटूथवर दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. दोनशे धरले तर एकोणसत्तर मीटर. म्हणजे तबलजी आपल्या इमारतीत नाहीच. तो रस्ता ओलांडून समोरच्या सोसायटीच्या गच्चीवर बसला आहे आणि तिथून साथ करतो आहे. मध्यलयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर तो जवळजवळ अर्धी मात्रा मागे. तरी लोक हौसेने बिनतारी इयरफोन लावून गातात आणि मग अ‍ॅपला शिव्या देतात. तारेचे हेडफोन काढावेत तर नव्या टॅब्लेटला त्यांचं भोक नसतं. आयपॅड प्रोचं २०१८ मध्ये बुजलं, साध्या आयपॅडचं २०२२ मध्ये. राहिलेल्या एकुलत्या एका भोकावर चार्जर, माइक आणि हेडफोन असे तीन दावेदार. म्हणून मधे हब. हबला स्वतःचा चार्जर. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड. अशा रीतीने खिशात मावणाऱ्या स्टुडिओची खोलीभर वायरिंग होते आणि घरात चालताना पाय उचलून टाकावे लागतात.

“तबलजी कुठे बसवायचा? मला विचारा. मी हिच्यापासून दीड हातावर बसतो, भोक लागत नाही,” दादा म्हणाला. पेपर एव्हाना उलटा होता.

उशिरापेक्षा गमतीचा प्रकार म्हणजे पट्टी. सीडीचा हिशेब सेकंदाला ४४,१०० तुकड्यांचा, व्हिडिओवाल्यांचा ४८,००० चा. एका अ‍ॅपने ४४,१०० ने टिपलेलं दुसऱ्याने ४८,००० चं समजून वाजवलं, तर गाणं नऊ टक्क्यांनी पळतं आणि वरही चढतं. पाच मिनिटांचा अभंग चार मिनिटं छत्तीस सेकंदांत आटोपतो. वर किती चढतो, तर जवळजवळ दीड पट्टी. म्हणजे काळी चारला गायलेल्या वहिनी पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध जाऊन बसतात, जिथे पेटीला पट्टीच नाही. वहिनींनी ते ऐकलं आणि त्यांना आपलं वय चाळीसने कमी झाल्यासारखं वाटलं. ती फाईल त्यांनी पुसू दिली नाही. भाचीला पाठवली.

आठ बारांची कथा मात्र सगळ्यांच्याच वाट्याला येते. गॅरेजबँडमध्ये नवं गाणं उघडलं की पहिला विभाग मुळात आठ बारांचा असतो, लय मिनिटाला एकशे दहाची. आठ चोक बत्तीस मात्रा. एकशे दहाच्या लयीत त्या साडेसतरा सेकंदांत संपतात. मर्यादा काढता येते. कोपऱ्यातल्या अधिकच्या चिन्हामागे ती सोय आहे. पण ती सापडेपर्यंत तुमच्या गाण्याला साडेसतरा सेकंद. विलंबित ख्यालाचं एक आवर्तनच पाऊण मिनिटाचं असू शकतं. म्हणजे बुवा समेवर पोहोचायच्या आत दोनदा मुद्रण संपून जायचं. फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं गाणं टिपायला बसला, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. त्या तीन मिनिटांत बाईंनी आलाप, बंदिश, ताना सगळं बसवलं. वर शेवटी आपलं नाव इंग्रजीत खणखणीत जाहीर करायलाही वेळ काढला, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला कळायला हवं की हे गाणं कुणाचं.

ती पद्धत परत आणायला पाहिजे. कारण टॅब्लेटवर तासभर काम केलं की फायलींचा जो ढीग होतो, त्यात कुठलं काय ते हॅनोव्हरच काय, सांगलीतल्या माणसालाही कळत नाही. ‘न्यू रेकॉर्डिंग सात’, ‘ऑडिओ दोन’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘फायनल खरं कुकरशिवाय’. वहिनींनी तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ताल, पट्टी आणि ‘पंखा बंद’ किंवा ‘पंखा चालू’ असं तोंडाने सांगायला सुरुवात केली. लेजरला शीर्षक असावं, तसं.

आणि मग त्यांना हा नाद लागला. मी तो लागताना बघितला आहे. पहिलं लक्षण म्हणजे माणूस गाण्याबद्दल बोलायचं थांबतो. ‘अंतरा नीट बसला का’ याऐवजी ‘रिव्हर्ब कुठला घेतलात’ असं विचारू लागतो. दुसरं लक्षण म्हणजे नोव्हेंबरची वाट बघणं. संगीताची अ‍ॅप करणारे बरेच लोक त्या सुमारास ब्लॅक फ्रायडेची सवलत देतात, त्यामुळे ‘दिवाळीनंतर घेऊ’ हे वाक्य वहिनी आता सोन्याबद्दल बोलत नाहीत. पण बँकेतली बाई. डोळे मिटून कशातच पैसे घालणार नाही. प्रत्येक अ‍ॅपची त्यांनी कर्जाच्या अर्जासारखी छाननी सुरू केली.

“हा एयूएमवाला. कंपनीत माणसं किती?”

“एकच.”

“आणि लूपी?”

“मायकेल टायसन म्हणून आहे. बॉक्सर नव्हे. ऑडिओबसमध्येही तोच होता.”

“आणि ते कोआला का काय?”

“मारेक बेरेझा. तोही मुख्यतः एकटाच.”

वहिनींनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे एवढ्या जगाचं गाणं असं सुट्यासुट्या माणसांवर चाललंय? उद्या त्याला कावीळ झाली तर? जामीन कोण?”

हा प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नाही. टॅब्लेटची प्रणाली दरवर्षी नवी होते, आणि एकट्या माणसाने सुधारणा करायचं सोडलं की त्याचं अ‍ॅप एखाद्या सप्टेंबरात उघडायचंच बंद होतं. मोठ्या कंपनीचं घेतलं तर ती जिवंत राहते, पण मन बदलते. म्हणून जाणते लोक अ‍ॅपवर प्रेम करतात आणि फायली साध्या वेव्ह स्वरूपात बाहेर काढून वेगळ्या ठेवतात. वहिनींनी तर त्या तीन ठिकाणी ठेवल्या. तिसरं ठिकाण बँकेचा लॉकर असावा असा माझा संशय आहे.

मंडळाच्या बायका अभंगाची वाट बघत होत्या. त्यांचे फोन येत. वहिनी त्यांना सांगत, “अगं होतंय, राउटिंग चाललंय.” बायकांना ते घराच्या दुरुस्तीचं काहीतरी वाटे आणि त्या ‘सावकाश होऊ दे’ म्हणत.

शेवटी काम अडलं ते दादापाशी. अ‍ॅपमधला तबला ऐकून ऐकून तो पिकला होता. “हा ‘तीं’ बघ. प्लास्टिकचा आहे. प्रत्येक वेळी तोच. कालच्यासारखाच आजचा. रूपकाची सम खालीवर असते हे त्याला कुणी सांगितलंय का? नुसता आकडे मोजतोय.” मग त्याने अट घातली: अभंगात तबला वाजला तर आपलाच, नाहीतर ग्रुपवर काही जाणार नाही. घरात तबलजी असताना बायको टॅब्लेटच्या साथीने गाते, हे मंडळाला कळलं तर काय?

वहिनी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. तुम्ही वाजवा.”

दोन माइकची सोय असलेला इंटरफेस आणला गेला. माइक एक, वहिनी, दिवाणखान्यात. माइक दोन, दादा, शेजारच्या खोलीत, दार बंद, भिंतींना गोधड्या, म्हणजे तबला वहिनींच्या माइकमध्ये शिरायला नको. मधे लांब वायर. वहिनींनी हिशेब करून बघितला आणि समाधानाने मान हलवली. नवरा शेजारच्या खोलीत, पण २५६ च्या बफरने जाऊन-येऊन साडेतीन-चार मीटरवरच. दोघांच्या कानांत अ‍ॅपमधला तबला लयीला धरून राहण्यापुरता. “तो नुसता मार्गदर्शनाला आहे,” त्या दादाला म्हणाल्या. “फायलीत तुमचाच हात.” पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने झाले: वहिनी, यंत्र, ‘हे’. एयूएममध्ये प्रत्येक रकान्याच्या बुडाशी लहानसा एम असतो, म्हणजे म्यूट. तो दाबला की रकाना चालू राहतो, पट्टीवरचा उजेड नाचत राहतो, फक्त मुख्य खात्यात काही जमा होत नाही.

दादाने झोकात वाजवलं. दुसऱ्या अंतऱ्याला त्याने नेहमीप्रमाणे सम आधी गाठली. दाराआड असल्यामुळे वहिनींची वाट बघत थांबलेला तो आम्हाला दिसला नाही, पण पट्टीवरच्या उजेडावरून कळलं. वहिनींनी गाणं न थांबवता डावा हात पुढे केला आणि एका बोटाने तिसऱ्या रकान्याच्या बुडाला अलगद स्पर्श केला. जाता जाता दुसऱ्या रकान्याची दांडी वर सरकवली. बँकेत जन्मभर काउंटर सांभाळलेला हात तो. गिऱ्हाइकाला कळलंही नाही.

मग नुसता तो अंतराच नव्हे, सगळाच अभंग त्यांनी तसाच बाहेर काढला. रात्री जेवणं झाल्यावर मोठ्या स्पीकरवर लावला. रूपक घड्याळासारखा चालला होता. खालीवरची सम दर सात मात्रांनी बिनचूक, वहिनी तिच्यावर अलगद उतरताहेत, मागे तानपुरा. दादा डोळे मिटून, मांडीवर बोटं वाजवत ऐकत होता. पुतण्याने तोंड उघडलं, तशा वहिनी म्हणाल्या, “तू उठ, दुधाखालचा गॅस बघ.”

अभंग संपला. दादाने डोळे उघडले.

“सुरुवातीला जरा चाचपडलो,” तो म्हणाला. “पण नंतर बघ कशी लय धरलीय. एक सांगतो, दुसऱ्या अंतऱ्याला किंचित ओढली मी. तुम्हाला कळणार नाही, मला कळते.” मग त्याने पान जुळवायला घेतलं आणि मोठ्या मनाने स्वतःला माफ केलं. “चालायचंच. माणसाचा हात आहे शेवटी.”